कुलपाचं झाकण

ही गोष्ट सांगायचं मी बरीच वर्षं टाळलं. कुणी विचारत नव्हतं, हे एक. ज्याला सांगायची होती तो भेटायचा तेव्हा शेजारी नेमकं दुसरं कुणीतरी बसलेलं असायचं, हे दुसरं. पण परवा मसाल्याच्या गल्लीत मंगलनं मला थांबवलं. माझ्या मित्राची, दत्तारामची, ही थोरली मुलगी. लग्न होऊन गिरगावात गेली तरी वर्षाचा मसाला कुटायला अजून लालबागलाच येते. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर तिनं विचारलं, "बाळाकाका, माझ्या पाठवणीला तुमची गाडी वाटेत बंद पडली होती ना, ती मग सुरू कशी झाली हो?"

मी तिच्या तोंडाकडे बघून खोटं बोललो. म्हणालो, "उन्हाळा होता गं. इंजिन तापलं होतं. निवलं, सुरू झालं."

ती आणखी काहीतरी बोलली, ते पुढे सांगतो. तेवढ्यात शेजारच्या दुकानात कुणीतरी मिरच्यांचं पोतं उपडं केलं, मला सटासट शिंका आल्या आणि त्या निमित्तानं तोंड फिरवता आलं.

लालबागमध्ये चैत्र लागल्याचं कॅलेंडरात बघावं लागत नाही. एके सकाळी दूध आणायला खाली उतरावं तर घशात बारीक खवखव होते, आणि समजतं की मोसम सुरू झाला. दुकानांपुढे ब्याडगी, संकेश्वरी, लवंगी असे लाल ढीग लागतात. गच्चीवर, गॅलरीत, जिथं म्हणून ऊन पडतं तिथं जुन्या साड्या अंथरून मिरच्या वाळत घातलेल्या असतात. दिवसभर मसाला कुटणाऱ्या डंकांचे लोखंडी ठोके चालू. आता आमच्या चाळीसमोर काचेचा टॉवर उभा राहिला आहे. त्याच्या खिडक्या बारा महिने बंद असतात, पण या दिवसांत त्याचा वॉचमनही आमच्यासारखाच रुमालात शिंकत असतो.

या मोसमाची एक रीत आहे. मसाला कुटायला देऊन कुणी घरी जात नाही. बायका डंकासमोर बाकड्यावर बसतात, पदर नाकावर घेतात, डोळ्यांतून पाणी वाहत असतं, पण नजर आपल्या मिरच्यांवरून हलत नाही. धने कमी तर नाही झाले, आपल्या ब्याडगीत कुणाची पडेल मिरची तर नाही मिसळली, खसखस पुरी पडली ना. माझी आई मला लहानपणी बरोबर न्यायची. तिला मध्येच भाजी घ्यायला उठायचं असे. मग मला बाकड्यावर बसवून म्हणायची, "हयसर बस. डोळो हलवू नको. डोळो हललो काय मसालो बदाललो." मी डोळे चोळत, नाक ओढत, डंकाकडे बघत बसायचो. कुटणाऱ्या माणसानं आमचा चमचाभर मसाला तरी कधी घेतला असेल, असं आज मला वाटत नाही. पण संसार नीट करायचा म्हणजे समोरच्यावर डोळा ठेवायचा, हे मी त्या बाकड्यावर शिकलो. आणि चांगलाच शिकलो.

पुढे नोकरी लागली तीही तशीच. परळच्या एका हॉस्पिटलात मी भांडार सांभाळलं. कापूस, बँडेज, सलाइनच्या बाटल्या, सुया, स्पिरिट. स्पिरिट दर उन्हाळ्यात कमी भरायचं. वॉर्डातला माणूस म्हणायचा, साहेब, उडून जातं ते. मी बाटल्यांना घट्ट रबरी बुचं आणवली, वरून मेण ओतायला लावलं. उडणं बरंच थांबलं. त्या दिवसापासून माझा एक सिद्धान्त पक्का झाला: उन्हात वस्तू उडते म्हणणारा माणूस ती वस्तू स्वतः नेत असतो.

निवृत्त झाल्यावर मी गाडी घेतली. दोन हात फिरून आलेली, पांढरी, लहानशी, जुन्या पद्धतीच्या कार्ब्युरेटरची. एक टॅक्सी सोडली तर चाळीत तोवर कुणाचीच गाडी नव्हती. मी रीतसर चालवायला शिकलोही होतो, पण परळच्या पुलावर चढावाला गाडी थांबली की माझा पाय क्लचवर थरथरायचा. त्यामुळे स्टेअरिंगवर बसायचा दत्ता.

दत्ता माझ्याच मजल्यावरचा आणि आमच्याच गावचा. आमचे बाप एका मिलमध्ये एकाच खात्यात होते. दत्ताही तिथंच लागला, मिल बंद पडली तेव्हा बाहेर फेकला गेला, आणि मग त्यानं उरलेली उमर टॅक्सी चालवली. त्याची जुनी टॅक्सी मोडीत निघाली त्याच सुमाराला माझी गाडी आली. किल्ली हातात घेताना त्याचा चेहरा मला आठवतो. गाडी सुरू केली की तो लगेच निघायचा नाही. डावा हात डॅशबोर्डवर ठेवायचा, मान थोडी वाकडी करायचा आणि ऐकायचा. मग म्हणायचा, "बोलाक लागली. चल." कधी म्हणायचा, आज हिचा घसा बसलाय, उद्या प्लग साफ करू. चाळीत त्याला दत्ताडॉक्टर म्हणत. स्कूटर घेतलेली पोरं गॅलरीखाली उभी राहून, दत्ताकाका जरा ऐका ना, म्हणून इंजिन फिरवून दाखवत, आणि तो वरूनच, कठड्याला टेकून, रोग सांगायचा. दर वेळी बरोबर असायचा असं नाही. पण त्याला विचारलं जायचं, आणि मिल गेलेल्या माणसाला कुणीतरी काहीतरी विचारावं लागतं.

तो मोसम असाच होता. ऊन, मिरच्या, डंक. माझ्या लक्षात आलं की पेट्रोलचा काटा फार भराभर खाली येतो आहे. गाडी दत्ता कधीमधी नेत असे. कुणाची म्हातारी हॉस्पिटलात न्यायची असते, कुणाचं मिरच्यांचं पोतं भायखळ्याहून आणायचं असतं. विचारून नेत असे, मी हो म्हणत असे, आणि तो गेल्यावर गॅलरीतून बघत राहत असे. आमच्या गाडीचं काम करणारे मुनीरभाई भायखळ्याला होते. त्यांना मी बोलता बोलता विचारलं. ते म्हणाले, "साब, गर्मी में पेट्रोल उडता है. और ट्रॅफिक में पुरानी गाडी पीती भी ज्यादा है."

उडता है. हा शब्द मी नोकरीभर ऐकला होता.

दुसऱ्या दिवशी मी एकटाच गिरगावात गेलो आणि गाडीच्या सामानाच्या दुकानातून पेट्रोलच्या टाकीचं कुलपाचं झाकण आणलं. आधीचं साधं होतं, पिळून उघडणारं. नवं किल्लीशिवाय उघडत नव्हतं. जरा सैल बसत होतं म्हणून सायकलच्या ट्यूबची चकती कापून मी आतून लावली. झाकणाला एक बारीक भोक होतं, सुई जाईल एवढं. यातूनच उडत असणार, निदान दत्ताला तसं सांगायला जागा तरी राहते, असं मनात आलं. मी मेण वितळवून ते भोक बुजवलं. अगदी स्पिरिटच्या बाटलीसारखं काम झालं. किल्ली कपाटाच्या किल्लीबरोबर कमरेच्या जुडग्यात अडकवली.

दत्ताला मी सांगितलं की गल्लीतली पोरं नळी घालून पेट्रोल काढतात. तो म्हणाला, "बरा केलंस. ह्या पोरांचो भरवसो नाय." इतक्या मोकळेपणानं म्हणाला की मला क्षणभर वाटलं, हा नाटक करतोय.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी गाडीचं दुखणं सुरू झालं.

पहिल्यांदा हिंदमातापाशी. माझी बायको शैला मागे बसली होती, दादरला तिच्या डोळ्यांच्या डॉक्टरकडे निघालो होतो. गाडीनं दोन-तीन उचक्या दिल्या, एक आचका दिला आणि गप्प झाली. दत्तानं बॉनेट उघडलं, इकडेतिकडे हात लावला. थोडा वेळ थांबून किल्ली फिरवली तर सुरू. मग हे रोजचंच झालं. घरून निघताना काही नाही, चांगलं अंतर कापलं की उचकी, आणि उभी राहून विश्रांती मिळाली की पुन्हा शहाण्यासारखी चालू. दत्तानं प्लग बदलले. मुनीरभाईंनी कार्ब्युरेटर खोलून साफ केला. कॉइल बदलली. पेट्रोलचा पंप बदलला. कुणीतरी म्हणालं, उन्हानं पंपात वाफ धरत असेल, म्हणून दत्ता पंपावर ओला फडका गुंडाळायला लागला आणि सोबत पाण्याची बाटली ठेवायला लागला. वाटेत गाडी थांबली की उतरून तिच्या कपाळावर पट्टी ठेवल्यासारखा फडका भिजवायचा. थोड्या वेळानं ती चालू व्हायची. त्याला वाटायचं फडक्यानं झालं. पुढच्या खेपेला फडका ओला असतानाच बंद पडायची.

आणि एक विचित्र गोष्ट होती. मुनीरभाईंच्या दारात ती कधीही बंद पडली नाही. ते तिथल्या तिथे इंजिन फिरवत ठेवायचे, कान लावायचे, आणि हात पुसत म्हणायचे की साब, गाडीत काही नाही.

दारात बरी आणि रस्त्यात आजारी, असा आजार मला माहीत होता. वॉर्डात असे पेशंट असत. माझ्या डोक्यात हळूहळू चित्र जुळायला लागलं. पेट्रोल बंद झालं म्हणून दत्तानं हा दुसरा उद्योग काढला. दर आठवड्याला गाडी मुनीरभाईंकडे जाते, दर वेळी काहीतरी बदललं जातं, आणि त्यातून दत्ताला काहीतरी सुटत असणार. मी जुने प्लग परत मागायला लागलो. कागदात गुंडाळून कपाटात ठेवायला लागलो. शैला म्हणाली, अहो, हे लोणच्यात घालायचे आहेत का?

एकदा मी पाळतही ठेवली. दत्ता गाडी घेऊन गेला, तसा मी मागोमाग बसनं गेलो. गॅरेजसमोर मिरच्यांचं घाऊक दुकान होतं. त्याच्या पोत्यांआड उभा राहिलो. समोर दत्ता आणि मुनीरभाई स्टुलांवर बसून बशीतून चहा पीत होते. मुनीरभाई काहीतरी म्हणाले आणि दोघे हसले. माझी खात्री पटत आली होती. एवढ्यात नाकात झिणझिणी आली आणि मला अशी शिंक आली की दुकानदार गल्ल्यावरून उठला. मग दुसरी. मग थांबेचनात. डोळे पुसून बघतो तर दत्ता रस्ता ओलांडून समोर उभा.

"बाळ्या, तू हय काय करतंस?"

मी म्हणालो, मिरच्या घ्यायला आलोय.

त्यानं पोत्यात हात घालून एक मिरची मोडून पाहिली. "ही घेव नको, ओली आसा. लालबाग सोडून हय मिरच्यो घेवक इलंस, वैनी काय म्हणतली?" आणि मग त्यानंच घासाघीस करून मला दुसऱ्या पोत्यातली चांगली मिरची काढून दिली. परत येताना पिशवी मांडीवर घेऊन मी त्याच्या शेजारी बसलो होतो. भायखळ्याच्या पुलावर गाडीला उचकी लागली. त्यानं माझ्याकडे बघितलं नाही. तो इंजिनकडे कान देऊन होता, आणि त्याच्या कपाळावर घाम होता. उन्हाचा असेल, असं मी ठरवलं.

आज त्या घामाकडे बघतो तेव्हा दिसतं की तो घाबरला होता. चाळीत थट्टा सुरू झाली होती. गॅलरीतून कुणीतरी ओरडायचं, डॉक्टर, पेशंट वाचतो का? सुरुवातीला तो हसून उत्तर द्यायचा. मग नुसता हात हलवायला लागला. पोरांनी स्कूटरी दाखवायला आणणं कमी केलं. एकदा बॉनेटखालून डोकं वर काढून त्यानं मला विचारलं, "तुका काय आवाज येता रे? खरा सांग." त्यानं मला आवाज विचारला! मी खांदे उडवले. तो टॉवेलाच्या टोकानं कान पुसत राहिला, जणू आत काहीतरी बसलं होतं.

आणि एकदा तो उत्तराच्या अगदी दाराशी येऊन पोचला होता. म्हणाला, "टाकीत कचरो असात काय? झाकण काढून बघूया मां."

मी म्हणालो, "टाकीत काय असणार? पेट्रोल आहे."

माझा हात कमरेच्या जुडग्यावर गेला आणि तिथंच राहिला. किल्ली बाहेर आली नाही. दत्तानं माझ्या हाताकडे पाहिलं, मग झाकणाच्या कुलपाकडे पाहिलं. "होय तर, पेट्रोलच असतला," म्हणाला आणि बॉनेट लावून टाकलं. पुन्हा त्यानं ते झाकण काढायचं नाव घेतलं नाही. त्या क्षणी त्याला काय समजलं, हा माझ्या म्हातारपणातला सगळ्यात मोठा प्रश्न आहे.

मंगलचं लग्न त्याच मोसमात, लालबागच्याच एका हॉलमध्ये होतं. मुलीला पोचवायला भाड्याची गाडी करू, असं सगळे म्हणत होते. दत्ता ऐकेना. "माझ्या पोरीक मीच पोचयतलंय." इतकी वर्षं टॅक्सी चालवलेला बाप मुलीला परक्या ड्रायव्हरच्या हाती देणार नाही. आणि त्या गाडीवर त्याला कुणालातरी काहीतरी दाखवून द्यायचं होतं, हेही होतं. आदल्या दिवशी त्यानं मुनीरभाईंकडून सगळं पुन्हा तपासून आणलं. मी माझ्याकडून टाकी भरून दिली आणि झाकण नीट, घट्ट लावलं. झेंडूच्या माळा लागल्या. मागे नवरानवरी आणि करवली, पुढे दत्ता, त्याच्या शेजारी मी. दत्ता पांढऱ्या शर्टात, डोक्यावर टोपी. हॉलपासून निघताना त्यानं डॅशबोर्डवर हात ठेवला, मान वाकडी केली, आणि पहिल्यांदाच काही न बोलता निघाला.

ऑपेरा हाउसच्या सिग्नलला गाडीनं आचका दिला आणि बंद पडली. गिरगाव समोर दिसत होतं.

मागून हॉर्न सुरू झाले. दत्ता उतरला, बॉनेट उघडलं, बाटलीतलं पाणी फडक्यावर ओतलं. पांढऱ्या शर्टाच्या बाहीला काळं लागलं. वऱ्हाडाच्या पुढे गेलेल्या गाड्या थांबल्या, माणसं उतरून मागे आली. नवऱ्याचा कुणी मामा होता, विनोदी माणूस, तो म्हणाला, "व्याहीबुवा, मुलगी परत न्यायचा विचार आहे की काय?" सगळे हसले. दत्ताही हसला. तसं हसू कुणाच्या तोंडावर पुन्हा पाहायची वेळ माझ्यावर येऊ नये.

आणि मी काय विचार करत होतो? लग्नाच्या धावपळीत दत्ताच्या माणसांनी कसंतरी पेट्रोल काढलं असणार. कुलूप असूनही. मी उतरलो, गाडीच्या मागच्या बाजूला गेलो, जुडगा काढला आणि झाकणाला किल्ली लावली.

किल्ली फिरली, झाकण निघेना. कुणीतरी आतून धरून ठेवल्यासारखं. जोर लावून पिळलं, तेव्हा ते सुटलं आणि टाकीनं एक लांब श्वास घेतला. स्स्स्... असा, कितीतरी वेळ कोंडलेल्या माणसासारखा.

तो आवाज मी ओळखला. काचेच्या सलाइनच्या बाटल्या होत्या त्या काळात, बाटली उलटी टांगली की तिच्या बुचात दोन सुया खुपसायच्या. एक नळीची, एक नुसती हवेची. हवेची सुई लावली नाही तर बाटली भरलेली दिसते, नळी जोडलेली दिसते, पण थेंब पडत नाही. आत हवा गेल्याशिवाय बाहेर पाणी येत नाही. त्या हवेच्या सुया वॉर्डांना मोजून देण्यात माझी उमर गेली होती. आणि त्याच हातानं मी टाकीचं नाक बुजवलं होतं. पेट्रोल खर्च होत जायचं, त्या जागी हवा जायला वाट नव्हती, टाकी पेट्रोल सोडेना, इंजिन उपाशी मरायचं. उभी राहिली की कुठूनतरी हळूहळू हवा शिरायची आणि गाडी पुन्हा चालायची. मुनीरभाईंच्या दारात नुसतं इंजिन फिरवून पेट्रोल असं कितीसं जाणार? आणि मी पेट्रोल भरायचो ते घरून निघताच, टाकीचा श्वास कोंडायच्या आत. सगळं एका श्वासात समजलं.

त्याच वेळी पुढे दत्तानं किल्ली फिरवली, आणि गाडी सुरू झाली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. कुणीतरी गणपतीचा जयजयकार केला.

दत्ता दरवाजाशी उभा होता. गाडीच्या छतावरून त्यानं मागे माझ्याकडे पाहिलं. माझ्या हातात झाकण होतं. त्याला तो श्वास ऐकू गेला होता का? हॉर्न वाजत होते, माणसं बोलत होती. पण त्याचा कान तो त्याचा कान होता.

"पेट्रोल आहे का बघत होतो," मी म्हणालो.

"आसा?" त्यानं विचारलं.

"आहे."

मी झाकण अर्धवट पिळून ठेवलं, कुलूप लावलं नाही. गिरगावातल्या त्या घरापर्यंत गाडी एकदाही अडखळली नाही. परतताना दत्तानं एकदाही इंजिनकडे कान दिला नाही. मुलीला सोडून येणाऱ्या बापाचं लक्ष गाडीत कुठलं असणार, असं मी स्वतःला समजावलं.

दुसऱ्या दिवशी मी रबराची चकती काढली आणि सुईनं भोकातलं मेण कोरलं. गाडी त्यानंतर कधीच बंद पडली नाही. मी चाळीत सांगितलं, उन्हाचा कडाका कमी झाला म्हणून. कुणी खोलात गेलं नाही.

काही दिवसांनी दत्ता आमच्याकडे आला. शैला चहा गाळत होती. त्यानं गाडीची किल्ली टेबलावर ठेवली. "ही ठेव बाळ्या. कान गेले माझे. चार माणसांत गाडी बंद पडता आणि माका कळना नाय. असो ड्रायव्हर काय कामाचो?"

तो माझ्याकडे बघत थांबला. बराच वेळ थांबला, असं मला आता वाटतं. शैला म्हणाली, असं काय बोलता भावजी, यंत्र आहे ते. मी म्हणालो, "विश्रांती घे थोडी." आणि किल्ली उचलून खिळ्याला लावली. माफी मागण्याऐवजी मी किल्ली घेतली.

पेट्रोलचं म्हणाल तर काटा तसाच भराभर खाली येत राहिला. गाडी आता फक्त माझ्या हातात होती, चढाचे पूल टाळून मीच चालवायचो, तरीही. ती खरोखरच पीत होती किंवा खरोखरच उडत होतं. आणि मी? मी गल्लीतल्या रात्रीच्या वॉचमनवर संशय घेतला. पाळतीला लागलेला डोळा असा सुटत नाही.

त्यानंतर दत्तानं कुठलीच गाडी चालवली नाही. संध्याकाळी चाळीच्या दाराशी बाकावर बसायचा. समोरून एखादी गाडी खरखरत गेली की त्याची मान आपोआप वाकडी व्हायची, आणि मग त्याच्या लक्षात यायचं, तो मान सरळ करायचा. कुणी विचारलंच तर म्हणायचा, माका इचारू नको, मुनीरकडे ने. मी त्या बाकावर त्याच्या शेजारी किती संध्याकाळी बसलो आहे. राजकारण बोललो, गावचं बोललो, चाळीच्या पुनर्विकासावर तर वर्षानुवर्षं बोललो. त्या बाकावर झाकण सोडून सगळं बोलून झालं. वाटायचं, एवढ्याशा गोष्टीचं काय. मग वाटायचं, सांगितलं तर झाकण का बसवलं तेही सांगावं लागेल. गाडीच्या दोषाची माफी सोपी होती. त्यामागे दडलेली दुसरी माफी जड होती. आणि सगळ्यात खाली एक लाजिरवाणी गोष्ट होती: माझी खात्रीच होत नव्हती की माझ्यातला संशय मेला आहे. आतून डोळा लावून बसलेला माणूस तोंडानं क्षमा कशी मागणार?

गेल्या वर्षी, याच दिवसांत, तो हॉस्पिटलात होता. मी भेटायला गेलो. त्याला सलाइन लावलेलं होतं. आता प्लास्टिकच्या पिशव्या असतात. त्या रिकाम्या होताना आपोआप आत दबत जातात, त्यांना हवेची सुई लागत नाही. मी त्या पिशवीकडेच बघत बसलो होतो. दत्ता माझ्याकडे बघत होता.

"गाडी चालता?" त्यानं विचारलं.

"चालते."

"बंद नाय पडत?"

"नाही."

"बरा," तो म्हणाला आणि डोळे मिटले. खोलीत दुसरं कुणी नव्हतं. त्या दिवशी मला कुठलंच निमित्त नव्हतं. मी त्याच्या पांघरुणाची घडी सारखी केली आणि नर्स आल्यावर उठलो. त्यानंतर थोड्याच दिवसांत तो गेला.

मंगल परवा पुढे काय म्हणाली ते आता सांगतो. माझं उत्तर ऐकून तिनं मान हलवली आणि म्हणाली, "मी बाबांना किती वेळा विचारलं. ते म्हणायचे, बाळ्याक इचार, तेका म्हायत आसा. मला वाटलं, तुम्हा दोघांची काहीतरी गंमत असेल."

तेव्हापासून मी हे वाक्य सगळ्या बाजूंनी तपासतो आहे. दत्तानं ते कसं म्हटलं असेल? हसून, की भिंतीकडे बघून? त्याला समजलं होतं, आणि कान गेले म्हणताना तो मला शेवटची संधी देत होता? की खरंच समजलं नव्हतं, आणि त्या दिवशी मी झाकण हातात घेऊन उभा होतो एवढंच त्याच्या लक्षात राहिलं होतं? समजलं असेल तर तो उरलेली सगळी वर्षं त्या बाकावर माझ्या तोंडातून एक वाक्य निघायची वाट बघत होता. समजलं नसेल तर आपले कान बाद झाले हे मानून तो गेला. यातलं कुठलं बरं, ते मला ठरवता येत नाही. आणि माझा स्वभाव असा की मेलेल्या मित्राच्या मनावरही मी अजून पाळत ठेवून आहे.

चाळ रिकामी करायची आहे. मागच्या आवारात उभी असलेली गाडी काल भंगारवाला घेऊन गेला. त्यानं टाकीच्या झाकणाची किल्ली मागितली. मी झाकणच काढून घेतलं, म्हणालो, हे राहू दे. ते समोर टेबलावर आहे. भोकाच्या कडेला थोडं मेण अजून आहे. खाली डंक चालू आहेत, शैला खिडकी लावून घ्या म्हणून सांगते आहे, पण मी ती उघडीच ठेवली आहे. मसाला होऊन आला की मंगल यायची आहे, तिला हे कागद देणार आहे. तिला जे सांगायचं ते वर लिहिलं. तिच्या बापाला सांगायचं होतं ते एवढंच.

दत्ता, तुझे कान शाबूत होते रे. झाकण माझं होतं, आणि ते मी तुझ्यासाठीच लावलं होतं. मला माफ कर.